मागच्या चाकाला कारचा टायर: एका जड टूरिंग मोटरसायकलचं प्रकरण

गाडी होंडा गोल्ड विंग, जीएल १८००. १८३२ सीसीचं सहा सिलिंडरचं इंजिन, एकाच बाजूने धरलेलं मागचं चाक आणि रिकामी असतानाच ४०० किलोहून जास्त वजन. मालक साठी ओलांडलेले. मी त्यांना काका म्हणतो. काकूंना मागे बसवून, दोन्ही बाजूंचे डबे भरून ते वर्षातून तीन-चार मोठे प्रवास करतात. त्यांनी गाडी माझ्याकडे आणली ती दोन तक्रारी घेऊन.

"वळणावर गाडी उठते रे. हँडल दाबूनच धरावं लागतं. आणि मागची हवा आठवड्याला तीन-चार पीएसआय उतरते. व्हॉल्व्ह बदलून बघ."

मी मागे जाऊन वाकलो आणि व्हॉल्व्हकडे बघायच्या आधीच थांबलो. मागच्या रिमवर कारचा टायर बसवलेला होता: १९५/५५ आर १६. यातला पहिला आकडा टायरची नावापुरती रुंदी मिलिमीटरमध्ये, दुसरा बाजूची उंची रुंदीच्या किती टक्के ते, आणि १६ म्हणजे रिमचा व्यास इंचांत. कंपनीने या गाडीला दिलेलं माप १८०/६० आर १६, मोटरसायकलचा टायर.

हे करणारे काका एकटे नाहीत. जड टूरिंग गाड्या चालवणाऱ्यांमध्ये असा एक गट आहेच आणि त्यांनी या वाटेला ‘डार्क साइड’ असं नावही दिलंय. कारणं सगळ्यांची सारखीच असतात. मोटरसायकलचा टायर लवकर संपतो, त्यातही लांब सरळ रस्त्यावर मधोमध झिजून चपटा होतो. कारच्या टायरचं रबर कडक, नक्षी खोल, भार पेलायची ताकद जास्त. काकांचा आधीचा टायर ११,००० किलोमीटरमध्ये गोटा झाला होता. हा बसवून ९,००० झाले होते आणि मी खोली मोजली तेव्हा मधल्या खाचेत फक्त दीड मिलिमीटर कमी भरली. झिजेपुरतं बघितलं तर काका बरोबर होते. त्यांच्या या मुद्द्याला मी शेवटपर्यंत नकार दिला नाही.

आकडे मांडले तेव्हा आणखी एक गोष्ट त्यांच्या बाजूने निघाली. १८०/६० आर १६ चा बाहेरचा व्यास ६२२.४ मिलिमीटर येतो, १९५/५५ आर १६ चा ६२०.९. म्हणजे पाव टक्क्याचा फरक. एबीएसचा (ब्रेक लावताना चाक अडकू न देणाऱ्या यंत्रणेचा) गोंधळ होईल, स्पीडोमीटर चुकेल, ही भीती या मापापुरती तरी खरी नाही. मागचं चाक धरणाऱ्या स्विंगआर्मपासूनचं अंतरही पुरेसं होतं, घासल्याची खूण कुठेच नव्हती. असा टायर वाईटच असणार असं आधी ठरवून तपासणी करायची नाही, असं मी स्वतःला बजावलं होतं. कारण तसं केलं की जी खरी चूक असते ती नजरेतून सुटते.

ती चूक रिमच्या काठावर होती.

प्रत्येक टायरच्या साइडवॉलवर, म्हणजे बाजूच्या भिंतीवर, रिमच्या अगदी जवळ, एक बारीक उठावाची रेघ गोल फिरलेली असते. टायर रिमवर नीट बसला की ही रेघ काठापासून सगळीकडे सारख्या अंतरावर दिसते. डाव्या बाजूला ती सगळीकडे ३ मिलिमीटरवर होती. उजव्या बाजूला मी चाक हाताने फिरवत मोजत गेलो: ३, ३, ४, ५, ७, परत ५, ४. साधारण एक वीतभर लांबीत टायरची कडा आपल्या जागेवर पूर्ण सरकलेलीच नव्हती. त्याच भागात साबणाचं पाणी सोडलं, तर बुडबुडे व्हॉल्व्हला न येता काठाला आले. बारीक, सावकाश येणारे. आठवड्याला तीन-चार पीएसआय तिथून जात होते.

"काका, हा बसवताना तुम्ही तिथे होतात?"

"होतो की. बसतच नव्हता. मग त्याने हवा वाढवली. साठच्या वर गेला काटा, तेव्हा ठो करून बसला."

कारच्या टायरवर कडा बसवताना ४० पीएसआयच्या पुढे जाऊ नका अशी सूचना बऱ्याचदा साइडवॉलवरच छापलेली असते. या टायरवरही ती होती, मी काकांचं बोट धरून ती त्यांना वाचायला लावली. टायरच्या कडेत पोलादी तारांचं कडं असतं. रिमवर चढताना ते एका जागी अडकलं आणि हवा वाढवतच राहिलं, तर बाकीच्या भागाचा सगळा ताण त्या जागेवर येतो. तार तुटली तर टायर रिमवरून उसळतो. समोर वाकलेल्या माणसाचे हात, चेहरा, काहीही जाऊ शकतं. त्या दिवशी ज्याने तो टायर बसवला तो थोडक्यात वाचला, असं मला मनापासून वाटतं, आणि शेजारी उभे असलेले काकाही.

आता हे घडलं का? इंच तर दोन्हीकडे १६च आहेत. काकांचाही हाच प्रश्न होता. १६ हा फक्त व्यास सांगतो, काठाचा आकार सांगत नाही. मोटरसायकलच्या रिमचा काठ आणि कारच्या रिमचा काठ वेगवेगळ्या प्रमाणांनुसार घडवलेले असतात. मोटरसायकलचा काठ बुटका, त्याची गोलाई वेगळी. कारच्या टायरची कडा कारच्या उंच काठाला टेकून बसावी म्हणून घडवलेली असते, बुटक्या काठावर तिला तो आधार मिळत नाही. शिवाय रुंदी. या गाडीची मागची रिम ५ इंच रुंद आहे आणि १९५/५५ आर १६ ला मान्य रुंदी साडेपाच ते सात इंच. म्हणजे टायर रिमवर चिमटीत धरल्यासारखा बसतो. सहा इंची रिमवर हा टायर २०१ मिलिमीटर रुंद भरायला हवा, इथे मी कॅलिपर लावला तर १९१ भरला. कडा आत ओढल्या गेल्या की मधला भाग थोडा फुगतो आणि टायर मधोमध झिजू लागतो. मधोमधच्या ज्या झिजेला कंटाळून हे केलं, तीच हळूहळू परत येते.

उकलायच्या आधी मला गाडी चालवून बघायची होती. पण कडा पूर्ण न बसलेल्या टायरवर मी वेगात जाणार नव्हतो. मोकळ्या जागेत, ५० च्या खाली, एकट्याने. यात धोका नव्हता असं म्हणणार नाही. पण काका ९,००० किलोमीटर काय सहन करत आले हे कळल्याशिवाय पुढचं बोलणं पोकळ झालं असतं.

सरळ रेषेत गाडी सुरेख चालते. खड्ड्यांवर थोडी कडक, पण स्थिर. मागचा ब्रेक सरळ रेषेत आधीपेक्षा जास्त धरतो, कारण जमिनीला टेकणारा भाग रुंद आहे. इथपर्यंत ऐकलं तर कुणालाही वाटेल, मग हरकत काय? वळण सुरू झालं की सगळं बदलतं. मोटरसायकल उजवीकडे वळवायची तर उजवं हँडल हलकेच पुढे ढकलायचं, गाडी उजवीकडे कलते, मग हात सैल सोडायचा. झुकाव ठरला की गाडी आपणहून ते वळण धरून राहते. इथे हात सैल सोडला की गाडी उभी राहायला लागायची आणि वळण बाहेर फाकायचं. पूर्ण वळणभर उजवा तळहात रेटूनच ठेवावा लागला. पुढचा टायर मोटरसायकलचाच होता. तो झुकायला तयार, मागचा उभं राहायला बघतो आणि त्या ओढाताणीत मधली सगळी फ्रेम.

मग मी सहा शंकू मांडून नागमोडी वळणं घेतली. मला सगळ्यात जास्त खटकलं ते इथे. हँडल ढकललं तर गाडी आधी दाद देत नाही, आणखी ढकललं की एकदम जास्त कलते. मधली पायरीच नाही. परत दुसऱ्या बाजूला जाताना पुन्हा तसंच.

याचं कारण गोल आणि चपट्या आकारात आहे: मोटरसायकलच्या टायरचा माथा गोल असतो, कारच्या टायरचा चपटा. पेला आडवा करून जमिनीवर ढकलला तर तो सरळ जात नाही, गोल फिरतो, कारण त्याचं एक टोक रुंद आणि दुसरं अरुंद. गोल माथ्याचा टायर कलला की जमिनीला टेकणारा त्याचा भाग असाच शंकूसारखा वागतो आणि चाकाला वळणाच्या आत खेचतो. हा खेच मोटरसायकलचं वळणं सोपं करतो. कारचा टायर यासाठी घडवलेलाच नाही. तो उभा राहून, हँडलमुळे थोडा तिरका होऊन गाडी वळवतो. कारचं चाक दोन-चार अंशांपलीकडे सहसा कलत नाही. आता झुकाव किती लागतो बघा. ५० मीटर त्रिज्येचं वळण ६० च्या वेगाने घ्यायचं तर साधारण ३० अंश.

आणि त्रास ३० अंशांवर सुरू होतो असंही नाही, तो पहिल्या काही अंशांतच होतो. १० अंश कललं तर गोल टायरचा टेकण्याचा बिंदू मध्यापासून जेमतेम दीड-दोन सेंटिमीटर सरकतो. चपट्या टायरचा मात्र तेवढ्यात काठाकडे धावतो. साइडवॉल दबते म्हणून अगदी काठावर जात नाही, पण बराच पुढे जातो. जमीन टायरला जिथून वर ढकलते ती जागा वळणाच्या आतल्या बाजूला गेली की तो रेटा गाडीला उभी करायला बघतो. मागच्या चाकावर ३०० किलो असतील आणि ती जागा ६ सेंटिमीटर बाजूला असेल, तर हा रेटा १७५ न्यूटन मीटरच्या आसपास जातो. काकांचा तळहात ज्याच्याशी झगडत होता तो हा. एकदा टायर खांद्यावर, म्हणजे माथा आणि साइडवॉल जिथे मिळतात त्या कोपऱ्यावर, आला की ती जागा फारशी पुढे सरकत नाही, म्हणून अडवणूक वाढायची थांबते आणि गाडी एकदम पडल्यासारखी वाटते. मघाची ती हरवलेली पायरी ही.

रस्त्याच्या डागडुजीच्या लांबट उंचवट्यावरही हेच. गोल टायरच्या मध्याखालून उंचवटा गेला तर तो नुसता वर-खाली होतो. रुंद चपट्या टायरच्या फक्त एका खांद्याखाली तो आला की टायर तिरका होतो आणि गाडीला बाजूला लोटतो. काकूंनी नंतर सांगितलं, त्यांना मागे बसून वाटायचं की वाऱ्यामुळे होतंय.

बरेच जण यावर हवा कमी करतात. साइडवॉल मऊ पडते, टायर वाकून जमिनीला लागतो, हँडल हलकं होतं. काकांनाही कुणीतरी ३० वर आणायला सांगितलं होतं. पण हवा कमी म्हणजे साइडवॉल जास्त वाकणार, जास्त तापणार आणि काठाला दाबून धरणारी ताकदही कमी होणार. कडा जिथे मुळातच अर्धवट बसलेली आहे तिथे हा उपाय मला सगळ्यात भीतीचा वाटला.

टायर उकलला. डावी कडा ठीक. उजव्या कडेवर, अंतर जिथे ७ मिलिमीटर भरलं होतं तिथे, बोटाच्या पेराएवढं रबर फाटून आतले धागे दिसत होते. त्याच्या दोन्ही बाजूंना काठावर काळी भुकटी साचली होती. टायर आणि रिम एकमेकांवर घासत असल्याशिवाय अशी भुकटी पडत नाही. म्हणजे कडा फक्त अर्धवट बसलेली नव्हती, ती प्रत्येक वळणावर हलत होती. बाहेरच्या बाजूला खांदे चकचकीत झालेले आणि साइडवॉलवरची अक्षरंही थोडी खरडलेली. रस्ता जिथे लागायलाच नको तिथे लागत होता.

काका बराच वेळ ती फाटलेली जागा बोटाने चाचपत राहिले. मग म्हणाले, "इतकी माणसं चालवतात की. लाख-लाख किलोमीटर."

चालवतात, आणि त्यांच्यावर माझा विश्वास आहे. कुणाचा टायर नीट बसत असेल, कुणी सरळ रस्त्यावर शांतपणे जात असेल आणि वर्षानुवर्षं काही होतही नसेल. पण ते लाख किलोमीटर बहुतेक सरळ रेषेतले असतात. समोर अचानक काही आलं आणि एका सेकंदात गाडी डावीकडे फेकून परत उजवीकडे आणायची वेळ आली, तर ती वेळ लाखात दोनदा येईल. त्या वेळी हँडलने किती ढकलल्यावर गाडी किती कलेल हे हाताला आधीच माहीत असावं लागतं. मी शंकूंमध्ये तेच हरवलेलं बघितलं. मोटरसायकल आणि टायर बनवणारे या वापराला नाही म्हणतात. काकांना ते ऐकून माहीत होतं, पण त्यांना वाटायचं की हे नुसतं अंग काढून घेणं आहे.

एवढं बोलून मी टायर बदलून दिला असता आणि प्रकरण संपलं असतं. पण मग काका वर्षभरात पुन्हा त्याच वाटेला गेले असते, कारण त्यांचा मूळ प्रश्न तसाच राहिला असता: ११,००० मध्ये टायर का संपला? म्हणून मी त्यांना दुसऱ्या दिवशी काकूंना आणि भरलेल्या डब्यांना घेऊन बोलावलं आणि मागचं चाक वजनकाट्यावर उभं केलं.

३६० किलो.

कंपनीने दिलेल्या मूळ टायरवर भाराचा अंक ७४ असतो. ७४ म्हणजे ३७५ किलो, तेही पूर्ण हवेवर. या गाडीच्या मागच्या चाकाला ४१ पीएसआय सांगितलेत. काका दर प्रवासाआधी न चुकता हवा तपासायचे, आपल्या छोट्या गेजने. ते गेज मी माझ्या गेजशेजारी लावलं: त्यांचं ४१ दाखवत होतं, माझं ३६. वर्षानुवर्षं ते पाच पीएसआय कमी हवेवर, टायरच्या मर्यादेला टेकलेला भार घेऊन, तापलेल्या रस्त्यावरून दिवसाला पाचशे-सहाशे किलोमीटर जात होते. टायर ११,००० टिकला हेच खूप झालं.

म्हणजे मोटरसायकलचा टायर आपल्याला कमी पडतोय हा काकांचा अंदाज खरा होता. कारच्या टायरवर अंक ८७ होता, ५४५ किलो, आणि त्या आकड्याने त्यांना धीर आला होता. पण तो आकडा कारच्या रिमवर, कारसारखं उभं असलेल्या चाकासाठी दिलेला असतो. पाच इंची बुटक्या काठाच्या रिमवर ३० अंश झुकलेल्या चाकाला तो लागू करता येत नाही.

याच मापात, १८०/६० आर १६ मध्येच, ८० अंकाचा मोटरसायकल टायर मिळतो. ८० म्हणजे ४५० किलो. काकांना हे कुणी सांगितलंच नव्हतं. त्यांच्यासमोर दोनच पर्याय ठेवले गेले होते: मूळचा टायर किंवा कारचा. याचं मला खरंच वाईट वाटलं. ज्याने त्यांना कारचा टायर सुचवला त्याने आधी एकदा गाडी काट्यावर चढवली असती तर रबर फाटेपर्यंत वेळ आली नसती.

८० अंकाचा टायर लावला. रिमचे काठ आधी आरशासारखे पुसून, बारीक घासून, कुठे ओरखडा राहिलाय का ते नखाने बघून घेतलं. व्हॉल्व्ह नवा टाकला. टायर ४० च्या आतच बसला, दोन्ही कडा, आणि रेघ सगळीकडे सारखी भरली. ती मी काकांनाच मोजायला लावली. बॅलन्सिंग केलं. हवा थंड टायरवर ४१. जुनं गेज त्यांनी स्वतःच कचऱ्यात टाकलं आणि नवं घेतलं. सामानातले साधारण १२ किलो काकूंनी त्याच दिवशी कमी केले. काकांना वाटलं होतं त्यासाठी वाद होईल, झाला नाही.

सुरुवातीचे काही दिवस काका अस्वस्थ होते. नव्या टायरवर पहिल्याच वळणाला गाडी त्यांच्या अंदाजापेक्षा आत शिरली, कारण तळहाताला ९,००० किलोमीटरची रेटायची सवय लागली होती. मी त्यांना सांगितलं होतं की पहिले दोनशे किलोमीटर काकूंना घेऊ नका. त्यांनी ऐकलं. तिसऱ्या दिवशी फोन आला: "एका बोटाने वळतीये रे."

त्यांनी त्या फोनवर आणखी एक विचारलं होतं. त्यांच्या एका मित्राच्या गाडीला साइडकार आहे, तिच्या मागे कारचा टायर आहे, मग तेही चूक का? नाही. साइडकार लावलेली गाडी वळणात झुकत नाही, उभीच राहते. तिथे चपटा टायर जमिनीला सपाट लागतो, जसा लागायला हवा तसा. त्या टायरला साजेशी, त्याच्या काठाची रिम असेल तर हरकत नाही. मित्राच्या गाडीची रिम कुठली आहे ते मी काकांना बघून यायला सांगितलंय.

पुढच्या तपासणीला काका आले तेव्हा ८,००० किलोमीटर झाले होते. झीज मधोमध आणि बाजूंना जवळजवळ सारखी. मी खोली मोजत असताना ते खाली वाकले आणि काही न बोलता रिमजवळच्या रेघेवरून बोट फिरवत चाकाला एक पूर्ण फेरी मारली.